घरी स्टेक : एकाला आतून गुलाबी, एकाला पूर्ण शिजलेला, दोन्ही एकाच वेळी ताटात कसे आणायचे?

अबोली_७

नमस्कार मंडळी. स्टेकबद्दल (तव्यावर भाजायचा मांसाचा जाड तुकडा) विचारायचंय. प्रश्न दोन आहेत पण एकमेकांत अडकलेत म्हणून एकाच धाग्यात टाकतेय.

पहिला. माझा स्टेक बाहेरून करडा होतो. खरपूस तपकिरी थर काही केल्या येत नाही. तव्यावर टाकला की पहिली काही सेकंद छान चर्र आवाज येतो, मग तो आवाज बसतो, कडेनं पाणी सुटतं आणि पुढे सगळं त्या पाण्यात उकडल्यासारखं होतं. रंग यावा म्हणून मी अजून थोडा वेळ ठेवते आणि तोवर आतून वातड झालेला असतो.

दुसरा. मुलाला आतून गुलाबी लागतो. बाबांना (वय ७६, कवळी आहे) गुलाबी अजिबात चालत नाही, पूर्ण शिजलेलाच हवा, पण मग तो त्यांना चावत नाही. मागच्या वेळी त्यांनी अर्धा तुकडा ताटात बाजूला सारला आणि "भूक नव्हती गं फारशी" म्हणाले. भूक होती, मला माहितीये. तर दोघांना एकाच वेळी गरम आणि नीट खाता येईल असं कसं करायचं? घरात ओव्हन आहे, एक स्टीलचा जाड बुडाचा पॅन आहे आणि एक बिडाचा तवा आहे.

चर्रर्र

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात: ओलावा.

आता सविस्तर. मांसावर तपकिरी थर येतो तो साधारण १४० अंशांच्या पुढे जोरात यायला लागतो, आणि पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत तिथलं तापमान १०० च्या वर जातच नाही. पाण्याची वाफ करायला उष्णता किती लागते बघा, बर्फाइतकं थंड पाणी उकळीला आणायला जेवढी लागते त्याच्या पाचपटीहून जास्त. म्हणजे तुमच्या तव्याची सगळी ताकद पाणी घालवण्यात जाते, आणि ते जाईपर्यंत आतलं मांस शिजून जातं. म्हणून तव्यावर टाकायच्या आधी कागदी टॉवेलनं दोन्ही बाजू आणि कडा दाबून दाबून टिपून घ्या. टॉवेल कोरडा निघेपर्यंत.

आणि दोन तुकडे एका तव्यात कोंबता का? मग तवा गार पडतो.

अबोली_७

हो, दोन्ही एकदमच टाकते :( आणि टिपून कधीच घेतलं नाहीये. उलट धुऊन तसाच टाकते.

दोनघास

अहो धुऊ नका! धुण्यानं जंतू जात नाहीत, बेसिनभर उडतात. जे जंतू वर असतात ते तव्यावर मरतातच.

चिमूटभर

मिठाचं कोणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो, कारण माझ्या मते अर्धा खेळ तिथे आहे.

मीठ लावलं की पहिली काही मिनिटं ते मांसातलं पाणी बाहेर ओढतं. दहा-पंधरा मिनिटांनी बघितलंत तर वर थेंब जमलेले दिसतील. नेमक्या ह्या वेळी तव्यावर टाकणं सगळ्यात वाईट, आणि बहुतेक लोक हेच करतात (मीठ लावायचं, तवा तापत ठेवायचा, मग टाकायचं). थांबलात तर साधारण चाळीस मिनिटांत ते खारं पाणी परत आत शिरायला लागतं. म्हणून एकतर तव्यावर टाकायच्या क्षणी मीठ लावा, नाहीतर किमान चाळीस मिनिटं आधी. आणि सगळ्यात उत्तम म्हणजे आदल्या रात्री लावून, जाळीवर ठेवून, न झाकता फ्रीजमध्ये. फ्रीजची हवा कोरडी असते, सकाळपर्यंत वरचा भाग हाताला कागदासारखा लागतो. रंग थोडा गडद होतो, घाबरू नका. मिठाचं प्रमाण मांसाच्या वजनाच्या एक टक्का धरा.

उत्तररात्र

+१ आदल्या रात्रीच्या मिठाला. एकदा केलं की परत मागे जावंसं वाटत नाही.

लोखंडी

बिडाचा तवा आहे तर तोच वापरा. पण एक गैरसमज काढतो, बीड उष्णता चांगली *पसरवत* नाही. ॲल्युमिनियम किंवा तांब्यापेक्षा कितीतरी मंद. त्याचा गुण वेगळा आहे, तो जड असतो आणि जडपणामुळे धग *धरून* ठेवतो, गार तुकडा पडला तरी हबकत नाही. मंद पसरतो म्हणूनच त्याला मध्यम आचेवर चांगली आठ-दहा मिनिटं तापू द्यायचं, मोठ्या आचेवर दोन मिनिटं नाही, नाहीतर मधे लालबुंद आणि कडेला कोमट अशी गत होते.

स्टीलच्या पॅनसाठी पाण्याच्या थेंबाची खूण आहे. तेल घालायच्या आधी थेंब टाका. नुसता फसफसून वाळला तर अजून वेळ आहे, आणि मोत्यासारखा गोल होऊन पळत सुटला की पॅन तापला.

नॉनस्टिक मात्र ह्या कामाला नको. त्याचा लेप २६० अंशांच्या पुढे बिघडायला लागतो, आणि रिकामा पॅन मोठ्या आचेवर तिथवर फार पटकन पोचतो. घरात पाळलेले पक्षी असतील तर तो धूर त्यांच्या जिवावर बेततो, हे गंमत म्हणून सांगत नाहीये.

नवशिका_आचारी

पण मी तर ऐकलंय की मोठ्या आचेवर टाकायचं ते रस आत कोंडून घेण्यासाठी? बाहेरचा थर बंद होतो आणि रस बाहेर येत नाही?

तापमापक

नाही. हे युस्टुस फॉन लीबिग ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८४७ च्या सुमारास मांडलं आणि तेव्हापासून स्वयंपाकघरात मुक्कामाला आहे. पुढे प्रयोगांत ते खोटं ठरलं, पण पुसलं काही गेलं नाही. तुम्ही स्वतः पडताळू शकता. खरपूस भाजल्यावरही तव्यावर चर्र आवाज चालूच असतो ना? तो आवाज म्हणजेच बाहेर येणारं पाणी. थर बंद झाला असता तर तवा गप्प झाला असता. ताटलीत ठेवल्यावर खाली रस साचतो तोही त्या "बंद" थरातूनच येतो.

थर हवा तो चवीसाठी. अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) आणि साखर ह्यांच्यात उष्णतेनं जी क्रिया होते तिच्यातून शेकडो नवे वास आणि चवी तयार होतात. लुई कामी मायार ह्या फ्रेंच माणसानं १९१२ साली तिचं वर्णन केलं, म्हणून मायार क्रिया.

शब्दवेडा

अच्छा मायार! मी इतकी वर्षं मेलार्ड म्हणत होतो.

अवांतर: स्टेक हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतल्या "स्टेइक" वरून आलाय, अर्थ भाजलेलं मांस. आणि त्याचं क्रियापद म्हणजे काठीला किंवा सळईला लावून विस्तवावर भाजणं. म्हणजे मुळात तव्याचा संबंधच नव्हता.

लोखंडी

@शब्दवेडा, मग माझा तवा नंतर आला म्हणायचं. चालेल, पण आला ते बरं झालं :)

मंदआच

अबोलीताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळलंच नाही. मी वळते, कारण माझ्या आजीसाठी मी हेच कित्येक वर्षं केलंय.

उलटा क्रम करा. आधी ओव्हन, मग तवा. ओव्हन ११० अंशांवर ठेवायचा, तुकडे जाळीवर, आणि आतलं तापमान हळूहळू वर येऊ द्यायचं. मुलाचा तुकडा आतून ५० अंशांवर आला की बाहेर काढायचा. मग कडकडीत तव्यावर प्रत्येक बाजू जेमतेम एक मिनिट. शेवटी आत ५४-५५ होतात, तो झाला गुलाबी. बाबांचा ६४-६५ पर्यंत ओव्हनमध्ये राहू द्या, मग तसाच तवा, शेवटी ६८-७०. गुलाबीपणा राहत नाही.

दोन्ही एकाच वेळी व्हावेत म्हणून बाबांचा तुकडा आधी आत टाका. साडेतीन सेंटीमीटर जाडीला माझ्या ओव्हनमध्ये वीस-पंचवीस मिनिटं आधी टाकावा लागतो, तुमचा ओव्हन वेगळा असेल. ह्याचा आणखी एक फायदा म्हणजे ओव्हनची गरम कोरडी हवा वरचा भाग सुकवते, म्हणजे चर्रर्र म्हणतात तो ओलावा आपोआप जातो आणि तव्यावर रंग झटक्यात चढतो. म्हणूनच तव्यावर कमी वेळ पुरतो आणि थराखालचा जास्त शिजलेला करडा पट्टा पातळ राहतो.

कडक_शिस्त

स्पष्ट बोलतो. पूर्ण शिजवायचाच असेल तर स्टेक कशाला आणायचा? चांगल्या मांसाची माती होते. ५७ अंशांच्या वर गेला की संपलं. बाबांना सरळ मंद आचेवर तीन तास शिजवलेला रस्सा द्या, मऊ होईल.

मंदआच

@कडक_शिस्त, रस्सा चांगलाच होईल, वाद नाही. पण बाबांना रस्सा नकोय, नातवासमोर बसून तेच खायचंय जे नातू खातोय. अर्धं ताट बाजूला सारून भूक नव्हती म्हणणारा माणूस चवीबद्दल तक्रार करत नाहीये, चावता येत नाही म्हणतोय.

आणि वय झालेल्यांनी, गरोदर बायकांनी, आजारातून उठलेल्यांनी जास्त शिजवलेलं खाणं हे शहाणपणाचंच आहे.

तापमापक

मंदआच ह्यांच्याशी सहमत. कडक_शिस्त ह्यांच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे, जास्त तापमानाला रस जातोच. पण का जातो ते समजलं तर नुकसान कमी करता येतं.

साधारण ५० अंशांपासून मायोसिन नावाचं प्रथिन घट्ट होतं, मांस कच्चं लिबलिबीत राहत नाही, हे हवंच असतं. ६० च्या पुढे तंतूंभोवतीचं कोलॅजन (त्यांना बांधून ठेवणारं चिवट प्रथिन) आकसून रस पिळून काढायला लागतं. आणि ६६ च्या पुढे ॲक्टिन हे आणखी एक प्रथिन घट्ट होतं, तिथे वातडपणा येतो. रश्श्यात हेच कोलॅजन तासन् तास शिजून विरघळतं म्हणून ते मऊ लागतं, स्टेकला तेवढा वेळच मिळत नाही. म्हणजे बाबांसाठी ६८ आणि ८० ह्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे! "पूर्ण शिजलेला" म्हणून लोक ८० च्याही पुढे नेतात, आणि मग चामडं होतं. तो ६८ ला थांबवा.

त्यासाठी आत खुपसायचा तापमापक घ्या. वेळेवर जाऊ नका, जाडी थोडी बदलली की वेळ पार बदलतो, दुप्पट जाड तुकड्याला दुपटीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. बोटानं दाबून बघायची युक्तीही प्रत्येक कापाला (जनावराच्या कुठल्या भागाचा तुकडा त्यावर) वेगळी लागते. तापमापक वरून नाही, कडेनं आडवा खुपसायचा, टोक बरोबर मध्यात येईल असा. आणि तो खरा बोलतोय का ते बर्फाच्या पाण्यात बुडवून बघा, शून्य दाखवायला हवा.

दोनघास

आमच्याकडे तापमापकाचा आकडा मोठ्यानं वाचायचं काम धाकट्याकडे आहे. अंतराळयान सोडताना मोजतात तसं. सत्तेचाळीस... अठ्ठेचाळीस... पन्नासला सगळं घर ओरडतं.

नवशिका_आचारी

भारी :) एक शंका, गुलाबी स्टेकमधून लाल पाणी येतं ते रक्त ना? माझी बायको त्यामुळेच खात नाही.

चिमूटभर

रक्त नाही. रक्त जनावर कापतानाच जवळजवळ सगळं निघून जातं. ते पाणी आणि त्यात विरघळलेलं मायोग्लोबिन असतं, स्नायूंमध्ये प्राणवायू साठवणारं प्रथिन. ६० अंशांच्या आसपास त्याचा रंग बदलायला लागतो म्हणून जास्त शिजलेलं मांस करडं दिसतं. वहिनींना हे सांगून बघा, तरी नको म्हणाल्या तर ६३ ला द्या, मधे अगदी पुसट गुलाबी राहतो.

उत्तररात्र

सुरक्षिततेचं एक राहिलं. अखंड तुकड्यात जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात, म्हणून आतून गुलाबी चालतो. पण मऊ करण्यासाठी सुया टोचलेलं मांस विकत मिळतं, त्यात वरचे जंतू आत ढकलले जातात. ते गुलाबी ठेवू नका. खिम्याचंही तेच, तिथे ७१ अंश हवेतच. अमेरिकेच्या कृषी खात्याची शिफारस अखंड तुकड्यासाठी ६३ अंश आणि नंतर तीन मिनिटं थांबणं अशी आहे, म्हणजे ५५ चा गुलाबी स्टेक त्याच्या खाली येतो हे माहीत असून खायचा. तरुण निरोगी माणसं खातात, बाबांना मात्र ६८ च बरा.

अबोली_७

अरे बापरे, किती माहिती! कडक_शिस्त, तुमचा राग नाही आला, रस्सा एरवी करतेच. पण मंदआच म्हणाल्या तेच खरं, त्यांना नातवाबरोबर बसायचंय.

काप कुठला घेऊ? आणि ओव्हन नसता तर काय केलं असतं, हे बहिणीसाठी विचारतेय.

मंदआच

बाबांसाठी रिबआय, म्हणजे बरगड्यांजवळचा काप. त्यात चरबीच्या रेषा मांसात सगळीकडे विणलेल्या असतात, ६८ ला सुद्धा त्या वितळून तोंडात ओलेपणा देतात. टेंडरलॉइन (पाठीच्या कण्याजवळचा आतला काप) मऊ असतो खरा, त्या स्नायूला जनावर फारसं वापरतच नाही, पण चरबी कमी म्हणून जास्त शिजवला की कोरडा भुसा. मुलासाठी दोन्ही चालतील. जाडी साडेतीन सेंटीमीटर तरी हवी, पातळ काप रंग येईपर्यंत आतून पार होऊन जातो.

आणि वाढताना बाबांचा तुकडा स्वयंपाकघरातच कापून द्या. तंतू कुठल्या दिशेनं धावतात ते कच्चा असतानाच बघून ठेवा, आणि तंतूंना आडवा, अर्ध्या सेंटीमीटरचा काप घ्या. लांब तंतू दातांनी तोडावा लागतो तो सुरीनं आधीच तोडलेला असतो. कवळीला ह्याच्याइतका उपयोगी उपाय मला दुसरा सापडला नाही.

चर्रर्र

बहिणीसाठी: फक्त तव्यावर करायचा तर दर तीस सेकंदांनी उलटत राहायचं. "एकदाच उलटा" हा नियम विसरा. सारखं उलटल्यानं कुठलीच बाजू फार तापत नाही की फार गार होत नाही, आतून एकसारखा शिजतो आणि वेळही कमी लागतो. तपकिरी थर हळूहळू पण छान चढतो. तेल तव्यात ओतण्यापेक्षा तुकड्याला चोळा, धूर कमी होतो. तेल हवंच मात्र, तवा आणि मांस ह्यांच्यातल्या बारीक फटी तेच भरतं.

नवशिका_आचारी

लोणी घालतात ते कधी? माझं दरवेळी काळं होतं.

चर्रर्र

शेवटच्या मिनिटाला, आच कमी करून. लोण्यातले दुधाचे कण तेलाच्या खूप आधी करपतात. तवा तिरका धरायचा, सालासकट ठेचलेली लसणीची पाकळी आणि थाईम ह्या सुगंधी वनस्पतीची काडी त्यात टाकायची आणि चमच्यानं तो फेस वर ओतत राहायचं. मिरपूडही तेव्हाच किंवा नंतर, आधी घातली तर कडू होते.

लोखंडी

आणि झाल्यावर दहा मिनिटं थांबा, लगेच कापू नका.

तापमापक

@लोखंडी, इथे थोडा असहमत. थेट तव्यावर केलेला असेल तर थांबावं, कारण बाहेरची धग आत सरकते, तापमान अजून ३ ते ५ अंश चढतं, आणि रस गार होताना दाट होऊन कमी वाहतो. पण ओव्हनमधून सावकाश आलेला तुकडा आतून बाहेरून जवळजवळ सारखाच तापलेला असतो. त्याला थांबवायचं ते तव्याच्या *आधी*. तव्यानंतर दहा मिनिटं ठेवलात तर इतक्या कष्टानं केलेला थर वाफेनं मऊ पडतो.

लोखंडी

मी आजवर नंतरच ठेवत आलोय, आणि थर मऊ होतो हेही खरंय. पुढच्या वेळी दोन तुकडे दोन्ही प्रकारे करून बघतो.

कडक_शिस्त

६८ चं आणि आडव्या कापाचं वाचलं. मी म्हणत होतो तो पूर्ण शिजलेला स्टेक ८० चा होता, ६८ ला रिबआय मी कधी खाल्लेलाच नाही. अबोलीताई, एक भर घालतो. तव्याला जे तपकिरी चिकटतं ते फेकू नका. चरबी ओतून टाका, चमचाभर हाडांचं सूप किंवा पाणी घालून खरवडा, आटलं की आच बंद करून लोण्याचा तुकडा ढवळून विरघळवा. बाबांच्या कापांवर हे ओता, जास्त शिजवताना जो ओलेपणा गेला तो थोडा परत येतो. फक्त आधी चाखून बघा, खरवड काळी झाली असेल तर कडू लागेल.

उत्तररात्र

कडक_शिस्त _/\_

अबोली_७

(नऊ दिवसांनी) मंडळी, काल केला.

दोन रिबआय, दोन्ही साडेतीन सेंटीमीटरचे. बाबांचा ओव्हनमध्ये आधी टाकला, मुलाचा पंचवीस मिनिटांनी. मुलाचा ५० ला काढला तेव्हा बाबांचा ६२ होता, म्हणून अजून पाच मिनिटं ठेवला, तोवर मुलाचा बाहेर थांबला. तवा दहा मिनिटं तापवला. एकावेळी एकच तुकडा. टाकल्यावर तो आवाज बसलाच नाही! शेवटपर्यंत तसाच चर्रर्र, पाण्याचा थेंब नाही, आणि उलटला तर खालून अखंड तपकिरी. मी मुलाला हाक मारून दाखवला. आधी बाबांचा केला, काप करून त्यावर कडक_शिस्त म्हणाले तसं सॉस, तोवर मुलाचा झाला.

एक चूक झाली, बाबांचा ७२ पर्यंत गेला, तव्यावर थोडा जास्त राहिला. तरी आडव्या कापांमुळे चावला. पूर्ण खाल्ला. वर मुलाच्या ताटातला कडेचा एक तुकडा काट्यानं उचलला, गुलाबी भाग टाळून, आणि म्हणाले "ह्याची कड माझ्यापेक्षा कुरकुरीत आहे."

चर्रर्र

त्यांच्या तुकड्यावर सॉस होता ना, म्हणून. पुढच्या वेळी सॉस बाजूला वाटीत द्या, बुडवून खातील. मीठ किती आधी लावलं होतं?

अबोली_७

आदल्या रात्री नऊला. ३५० ग्रॅमच्या तुकड्याला साडेतीन ग्रॅम, काट्यावर मोजून. वाटीचं लक्षात ठेवते, रविवारी परत करायचाय.